बंद खोलीत वर्ट उकळताना: वाफेची वाट आणि ओलीचा बंदोबस्त

प्रश्न थोडक्यात असा: तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोली. घरी बिअर करताना विजेच्या हीटरवर वर्टची, म्हणजे माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या धान्यातून) काढलेल्या गोड पाण्याची, २० लिटरची बॅच उकळायला ठेवली की अर्ध्या तासात खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळतं, छताला थेंब लटकतात आणि आता कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसू लागले आहेत. खिडकी उघडून, टेबलफॅन लावूनही फरक पडत नाही. मग मोठा एक्झॉस्ट बसवावा, हूड (पातेल्यावर टांगलेली, वाफ धरणारी पत्र्याची छत्री) करावा, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) घ्यावा की स्टीम कंडेन्सर (वाफेचं पुन्हा पाणी करणारा जोड)?

उत्तर आहे हूड, नाहीतर कंडेन्सर. वाफ खोलीच्या हवेत मिसळायच्या आत पातेल्याच्या तोंडाशीच धरली तर काम सोपं असतं. एकदा ती खोलीभर पसरली की तिच्यामागे धावण्यात अर्थ नाही. टेबलफॅन तर आगीत तेल ओततो. सरळ वर जाणारा वाफेचा लोट तो मोडतो आणि चारी भिंतींवर नेऊन टाकतो. तो आजच बंद करा.

वाफ किती, ते आधी मोजा

वाफ किती होणार हे पातेल्याच्या आकारावर नाही, हीटरच्या वॅटवर ठरतं. उकळीला आलेल्या एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२५७ किलोज्यूल, म्हणजे ०.६३ युनिट वीज लागते. एक किलोवॅट सगळाच्या सगळा वाफेत गेला तर तासाला १.६ लिटर पाणी उडेल. पातेल्याच्या अंगातून काही उष्णता निसटते, म्हणून किलोवॅटमागे सव्वा ते दीड लिटर धरा. २.३ किलोवॅटवर तासाला साधारण तीन लिटर जातात, आणि ३.५ किलोवॅट पूर्ण सोडला तर साडेचारच्या आसपास.

पण नुसत्या हिशेबावर राहू नका. २० लिटर साधं पाणी उकळीला आणा, स्टीलची पट्टी बुडवून पातळी मोजा, नेहमीच्या सेटिंगवर अर्धा तास उकळा आणि पुन्हा मोजा. पातेल्याचा आतला व्यास ३६ सेंमी असेल तर पातळी एक सेंमी उतरली म्हणजे जवळजवळ बरोबर एक लिटर पाणी गेलं. आकडा दुप्पट करा, तुमचा ताशी दर मिळाला. पुढचं सगळं या एका आकड्यावर उभं आहे.

आता खोलीकडे बघा. २५ अंश सेल्सिअसची हवा घनमीटरला जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प धरते. आर्द्रता ५० टक्के असेल तर साडेअकरा ग्रॅम आधीच भरलेले आहेत आणि तेवढीच जागा उरली आहे. तुमच्या २७ घनमीटरच्या खोलीत ही जागा होते सुमारे ३१० ग्रॅम. तासाला तीन लिटर म्हणजे मिनिटाला ५० ग्रॅम, म्हणजे सहा मिनिटांत खोली भरली. उरलेली ५४ मिनिटं तयार होणारं पाणी काचेवर, छतावर आणि भिंतीवरच बसणार.

प्रत्यक्षात घाम त्याच्याही आधी फुटतो. २५ अंशांच्या खोलीत आर्द्रता ७० टक्के झाली की दवबिंदू १९ अंशांवर येतो, आणि त्याहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरायला लागतं. काच सगळ्यांत थंड, म्हणून ती आधी ओली दिसते. भिंतीचं खरं नुकसान मात्र कपाटामागे होतं. तिथे हवा फिरत नाही, भिंत गार राहते आणि ओल सुकत नाही. बुरशीला ओघळणारं पाणी लागतच नाही. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिचं भागतं.

नुसती खिडकी का पुरत नाही तेही याच हिशेबातून कळतं. बाहेरची हवा २५ अंश, ५० टक्के आहे आणि खोली ७० टक्क्यांच्या खाली ठेवायची आहे, असं समजा. मग आत आलेला प्रत्येक घनमीटर बाहेर जाताना फक्त ४.६ ग्रॅम जास्तीचं बाष्प नेऊ शकतो. तीन लिटर हलवायला तासाला सुमारे ६५० घनमीटर हवा लागेल, म्हणजे खोलीतली सगळी हवा तासाला चोवीस वेळा बदलायची. आणि बाहेर पावसाळी, ९० टक्के आर्द्रतेची हवा असेल तर कितीही हवा आत घेतली तरी खोली ७० टक्क्यांवर येणारच नाही. हूडचं मात्र तशाही हवेत चालतं, कारण त्याला खोली सुकवायची नसते, फक्त लोट बाहेर न्यायचा असतो.

डीह्युमिडिफायरच्या खोक्यावरचा ‘२० लिटर’ हा आकडा २४ तासांचा असतो, आणि तोही बहुतेक वेळा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत मोजलेला. तासाला पाऊण-एक लिटर. तीन लिटरपुढे तो हरतो, शिवाय बाष्पाचं पाणी करताना सुटणारी उष्णता खोलीतच सोडतो. उकळी संपल्यावर खोली सुकवायला तो चांगला आहे, उकळी चालू असताना नाही.

सगळ्यांत स्वस्त उपाय: कमी उकळा

पातेलं ज्वालामुखीसारखं खदखदलं पाहिजे, ही समजूत सोडा. पृष्ठभाग सतत हलता राहील, वर्ट मधून वर येऊन कडेला खाली जाताना दिसेल, एवढी उकळी पुरते. तासाला सहा ते दहा टक्के पाणी उडालं तरी हॉप्समधलं (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधलं) कडूपण उतरतं आणि प्रथिनांचे गोळे धरतात. २० लिटरच्या बॅचला चार लिटर उडवण्याऐवजी अडीच लिटर उडवले तर हूड, पंखा, डक्ट (हवा बाहेर नेणारी नळी) सगळ्यांवरचा भार तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी होतो.

रेसिपीत मात्र फरक करावा लागतो. २४ लिटर १.०४२ घनतेचं (पाणी म्हणजे १.०००) वर्ट २० लिटरवर आणलं की १.०५० मिळतं. आता तितकंच अंतिम वर्ट हवं असेल तर सुरुवात २२.४ लिटर आणि १.०४५ ने करा. धान्य तेवढंच, स्पार्जचं (धान्यातली साखर धुऊन काढायचं) पाणी दीड-पावणेदोन लिटर कमी. हे विसरलात तर बिअर पातळ होते, आणि मग माणूस पुन्हा हीटर पूर्ण सोडून जास्त उकळत बसतो.

झाकण ठेवून वाफ कोंडणं हा उपाय नव्हे. माल्टमधल्या एस-मिथाइल-मिथिओनिनपासून उकळताना डायमिथाइल सल्फाइड तयार होत राहतं. त्याला शिजवलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास असतो. ते अगदी सहज उडतं, ३७ अंशांलाच उकळतं, पण त्याला बाहेर पडायला वाट हवी. झाकणाला लागून थेंब परत पातेल्यात पडले तर वासही परत येतो. पिल्सनर माल्टमध्ये हा पूर्वघटक जास्त असतो, तिथे जास्त जपावं लागतं. मॅशचं (दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवण्याचं) पाणी तापवताना, मॅश चालू असताना आणि वर्ट उकळीला येईपर्यंत मात्र झाकण खुशाल ठेवा. तेवढ्या काळातली बरीच ओल त्यानेच वाचते. फेस चढायला लागला की झाकण काढायचं, नाहीतर उतू जाणार.

हूड

हूडच्या बाबतीत दोनच गोष्टी पाहायच्या: तो पातेल्यापेक्षा किती मोठा आहे आणि त्याच्या तोंडाशी हवा किती वेगाने आत ओढली जाते.

पातेल्याच्या काठाच्या बाहेर चारी बाजूंनी १० ते १५ सेंमी येईल एवढा हूड घ्या. ३६ सेंमीच्या पातेल्याला ६० बाय ६० सेंमी बरोबर बसतो. काठापासून हूडच्या कडेपर्यंत ४५ ते ५० सेंमी अंतर ठेवा, म्हणजे पळी फिरवता येते, हॉप्स टाकता येतात. पिशवीत मॅश करत असाल तर पिशवी उचलायला जास्त उंची लागते. तेव्हा हूड सरकता करा किंवा पातेलं चाकाच्या चौकटीवर ठेवा, पण हूड कायमचा मीटरभर वर टांगू नका. लोट वर जाताना पसरत जातो आणि बाजूच्या झुळकीने सहज ढळतो.

तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला ०.३ मीटर मिळाला तर लोट आत राहतो. ०.६ गुणिले ०.६ म्हणजे ०.३६ चौरस मीटर, गुणिले ०.३, म्हणजे सेकंदाला ०.१०८ घनमीटर, तासाला सुमारे ३९० घनमीटर. फॅनवर आकडा सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) असेल तर १.७ ने भागा: २३० सीएफएम. ही हवा प्रत्यक्ष हलली पाहिजे. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, डक्ट आणि वळणं लागली की तो बराच खाली येतो. म्हणून दीडपट क्षमतेचा, पाचशे ते सहाशे घनमीटरचा फॅन बघा.

हूडच्या तीन बाजू पत्र्याने किंवा प्लास्टिकच्या जाड पडद्याने पातेल्याच्या काठापर्यंत बंद केल्या तर उघडी बाजू एकच राहते, आणि कमी हवेतही वाफ निसटत नाही. कमजोर फॅन आधीच घेऊन बसलेल्यांनी फॅन बदलण्याआधी हे करून बघावं.

साहित्य म्हणून स्टेनलेस स्टील किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा. उलटं टांगलेलं मोठं स्टीलचं घमेलंही चालतं. गॅल्व्हनाइझ्ड पत्र्यावर कालांतराने पांढरी पूड धरते, ती वर्टमध्ये पडायला नको. आणि हूड कसलाही असो, त्याच्या आतल्या अंगाला पाणी धरणारच, कारण तिथे लोट खोलीच्या हवेत मिसळण्याआधी आदळतो. ते पाणी धूळ घेऊन नेमकं पातेल्यावर पडतं. यासाठी हूडच्या आतल्या कडेने पन्हळ हवी: दोन-अडीच सेंमी रुंदीची, वर वळवलेली पट्टी चारी बाजूंनी, एका कोपऱ्याकडे थोड्या उतारावर, आणि त्या कोपऱ्यात भोक पाडून बादलीत सोडलेली नळी. हूडचं छत सपाट नको. सपाट छतावर थेंब जिथे तयार होतो तिथेच मोठा होतो आणि सुटतो. बाजूंना ३०-४० अंशांचा उतार असला की थेंब पत्र्याला धरून पन्हळीकडे घसरतो. डक्टचं तोंड पातेल्याच्या बरोबर मध्यावर येत असेल तर थोडं बाजूला घ्या, म्हणजे डक्टमधून परत आलेलं पाणीही पातेल्यात पडत नाही.

घरात चिमणी आधीच असेल तर ती नळीने बाहेर सोडलेली आहे का ते बघा. कोळशाच्या फिल्टरमधून हवा खोलीतच परत सोडणारी असेल तर तिचा उपयोग शून्य. कोळसा वास धरतो, बाष्प आरपार जातं. बाहेर सोडलेली असेल तर जाळ्या आधी तेलमुक्त धुवा. वाफेने सुटलेलं तेल वर्टमध्ये पडलं की बिअरचा फेस टिकत नाही.

डक्ट आणि फॅन

सुमारे ३९० घनमीटरसाठी १५० मिमी व्यासाचा डक्ट घ्या. त्यात हवा सेकंदाला सहा मीटरने जाते, आवाज सुसह्य राहतो. तीच हवा १०० मिमीच्या नळीतून काढायला गेलात तर वेग चौदावर जातो आणि विरोध साडेसात पटींच्या आसपास वाढतो. फॅन गुरगुरतो, पण हवा हलत नाही. ‘फॅन मोठा घेतला तरी वाफ खोलीतच’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा अरुंद डक्ट असतो. दुसरं कारण वळणं. एक काटकोनी वळण म्हणजे दीड ते तीन मीटर सरळ डक्ट वाढवल्यासारखं आहे. दोनापेक्षा जास्त नकोत.

अकॉर्डियनसारखा लवचीक डक्ट फक्त शेवटच्या अर्ध्या मीटरला, जोडणीपुरता वापरा आणि पूर्ण ताणून बसवा. त्याच्या प्रत्येक घडीत पाणी साठतं, मधे झोल पडला की तिथे लिटरभर पाणी उभं राहतं आणि हवेची वाट अडते. बाकी सगळा डक्ट गुळगुळीत, कडक नळीचा. उतार मीटरला दोन सेंमी, शक्यतो बाहेरच्या बाजूला. बाहेर उतार देणं शक्य नसेल तर सगळ्यांत खालच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून पाणी नळीने काढा. सांधा लावताना पाण्याची दिशा बघा: वरच्या तुकड्याचं टोक खालच्या तुकड्याच्या आत गेलं पाहिजे. उलटं लावलं तर प्रत्येक सांध्यातून पाणी छतावर गळतं. टेप अॅल्युमिनियम फॉइलची लावा, कापडी टेप वाफेने महिन्याभरात सुटते.

डक्ट आतून किती ओला होणार हे हवा किती नेता त्यावर आहे. ३९० घनमीटरमध्ये तीन लिटर मिसळले तर त्या हवेचा दवबिंदू २२ अंशांच्या आसपास येतो. खोलीच्या तापमानाचा डक्ट कोरडा राहतो. फॅन कमकुवत असेल, १२० घनमीटरच हलवत असेल, तर दवबिंदू ३३ अंशांवर जातो आणि डक्ट, फॅन, सांधे सगळं पाण्याने भरतं. म्हणून ‘डक्टमध्ये फार पाणी होतं’ याचा पहिला अर्थ हवा कमी पडते आहे, असा घ्या. डक्ट थंड पोटमाळ्यावरून किंवा घराबाहेरून जात असेल तर मात्र भरपूर हवा असूनही घाम येतो. तेवढ्या भागाला २५ मिमी जाडीचं इन्सुलेशन गुंडाळा.

फॅन इनलाइन (डक्टच्या मधेच बसणारा), मिक्स्ड-फ्लो किंवा सेंट्रिफ्युगल प्रकारचा. न्हाणीघरातला पात्यांचा साधा पंखा डक्टचा विरोध सोसत नाही. तो थेट खिडकीत किंवा भिंतीत बसवायचा असेल तरच चालतो. फॅन हूडच्या डोक्यावर न लावता डक्टच्या बाहेरच्या टोकाकडे बसवा: आवाज कमी, तोपर्यंत वाफ नीट मिसळलेली, आणि खोलीतल्या डक्टचे सांधे ओढीखाली राहिल्यामुळे वाफ खोलीत गळत नाही. आयपीएक्स४ (पाण्याचे शिंतोडे सोसणारा) किंवा वरचा दर्जा बघा. वेग कमी-जास्त करायला त्या फॅनसाठीचाच रेग्युलेटर हवा. दिव्याचा डिमर लावला तर मोटर गुणगुणते, तापते आणि जळते.

बाहेरच्या तोंडाला डासांची बारीक जाळी लावू नका, ती धुळीने आणि हॉप्सच्या भुकटीने गच्च होते. ६ मिमीच्या वरची जाळी आणि वाऱ्याने उलट हवा येऊ नये म्हणून हलकी झडप पुरे. झडप चिकटलेली नाही ना, हे दर बॅचला हाताने बघा. तोंड शेजाऱ्याच्या खिडकीखाली काढू नका. वर्टचा वास सगळ्यांना गोड लागत नाही.

बाहेर गेली तेवढी हवा आत आली पाहिजे

हे सगळ्यांत जास्त विसरलं जातं. दार-खिडक्या बंद करून फॅन लावला तर तो खोली ओढत बसतो आणि हवा मुंगीच्या पावलाने हलते. समोरच्या बाजूला निदान ३३ बाय ३३ सेंमी एवढी उघडी जागा हवी, तेव्हा ३९० घनमीटर हवा सेकंदाला एक मीटरच्या शांत वेगाने आत येते. ही जागा हूडपासून लांब, शक्यतो खाली. पातेल्याशेजारची खिडकी उघडलीत तर तिची झुळूक लोट हूडखालून ढकलून देते. दार थोडं किलकिलं आणि पातेल्याजवळची खिडकी बंद, असं करून बघा, तेवढ्यानेच फरक दिसेल. हवा आत येण्याची जागा आणि डक्टचं बाहेरचं तोंड एकाच भिंतीवर जवळजवळ नको, नाहीतर तीच वाफ पुन्हा आत.

गॅसवर उकळणाऱ्यांना ही बाब जिवाची आहे. एक किलो एलपीजी जळताना दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, म्हणजे ओलही वाढते. पण मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि हा वायू बनतो. त्याला वास नाही. त्याच घरात गॅसचा गीझर असेल तर तुमचा जोरदार फॅन त्याच्या नळीतून धूर उलटा घरात ओढू शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय घरात गॅसवर उकळू नका, आणि उघड्यावर वापरायचा उच्च दाबाचा बर्नर घरात अजिबात आणू नका. गॅसवर हूड धातूचाच, आणि ज्वाळेची गरम हवाही ओढायची असल्याने फॅन वरच्या हिशेबाहून मोठा.

स्टीम कंडेन्सर: भिंतीला भोक पाडता येत नसेल तर

भाड्याचं घर, खिडकी लांब, छत बुटकं असेल तर कंडेन्सर घ्या. झाकणाला किंवा पातेल्याच्या काठाजवळ ३८ किंवा ५० मिमीचा टी बसवतात. त्याच्या वरच्या तोंडातून बारीक नोझल पाण्याचं धुकं खाली मारतं, वाफ त्यात विरते, तिथे हलकी पोकळी होते आणि मागची वाफ आपसूक ओढली जाते. गरम पाणी खालच्या नळीने निघतं आणि डायमिथाइल सल्फाइडही त्याच्याबरोबर जातं. म्हणून झाकण असूनही इथे मक्याचा वास राहत नाही.

गणित जपून करा. तासाला २४ लिटर, २५ अंशांचं पाणी सोडणारं नोझल २.५ लिटर वाफ गिळतं तेव्हा बाहेर येणारं पाणी सुमारे ८३ अंशांचं असतं. वाफ साडेतीन लिटर झाली तर पाणी उकळबिंदूला पोचतं आणि उरलेली वाफ नळीतून फुसफुसत बाहेर येते. कंडेन्सर लावून हीटर पूर्ण ठेवणाऱ्यांना ‘हे चालतच नाही’ असं वाटतं ते यामुळे. झाकण असल्याने उष्णता कमी वाया जाते, १.८-१.९ किलोवॅटवर उकळी छान टिकते. ३.५ किलोवॅटचा हीटर ५०-५५ टक्क्यांवर आणा. बाहेरचं पाणी ७५ ते ८५ अंशांत आहे का ते थर्मामीटरने बघा, त्यावरच सेटिंग लावा.

नळी सिलिकॉनची घ्या. साधी पारदर्शक पीव्हीसी नळी या तापमानाला मऊ पडून मुडपते, निचरा अडतो आणि पातेल्यात दाब चढतो. याच कारणाने झाकण क्लॅम्पने घट्ट आवळू नका, नुसतं ठेवा. नळी सतत उतारावर, तिचं टोक बादलीतल्या पाण्याच्या वर. नळाला दाब कमी असेल तर नोझल धुक्याऐवजी धार सोडतं आणि वाफ बाजूने निसटते. तेव्हा २५-३० लिटरचा टब आणि छोटा डायफ्राम पंप लावा. क्षारांनी नोझल बुजतं, आधी गाळणी बसवा आणि दोन-चार बॅचनंतर ते सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात भिजत ठेवा. पहिला फेस पूर्ण बसल्यावरच झाकण लावा. फेस टीमध्ये शिरला तर वर्टही बादलीत जातं. निघालेलं २५-२७ लिटर गरम पाणी टाकू नका, पातेलं आणि चिलर (वर्ट गार करायच्या नळ्या) धुवायला ते उत्तम.

तुमच्या खोलीत खिडकीपर्यंत दोन मीटरच्या आत डक्ट नेता येत असेल तर माझा कौल हूडला. तो गॅसलाही चालतो, चिलिंगच्या वेळची वाफही नेतो आणि पाणी मागत नाही. नसेल तर कंडेन्सर, बिनधास्त.

वीज

वाफेच्या वाटेत स्विचबोर्ड किंवा कंट्रोल पॅनेल नको. हीटरची वायर पातेल्यापासून सॉकेटकडे जाताना आधी सॉकेटच्या खाली उतरून झोल घेऊन वर चढली पाहिजे. वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) हवाच, आणि उकळण्याआधी त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. उकळीच्या मध्येच तो पडू लागला तर पहिला संशय हीटरच्या टोकाशी किंवा प्लगमध्ये शिरलेल्या ओलीवर घ्या. तो काढून थेट जोडणी करणं हा पर्यायच नाही.

चाचणी, आणि उकळीनंतर

वर्ट टाकण्याआधी साध्या पाण्यावर सगळं तपासा. पेटलेली उदबत्ती हूडच्या कडेने, काठाच्या खाली पाच सेंमीवर, चारी बाजूंनी फिरवा. धूर सगळीकडून आत वळला पाहिजे. एका कोपऱ्यात बाहेर येत असेल तर त्या बाजूने झुळूक आहे, तिथे पडदा लावा. मग पातेल्यापासून दीड मीटरवर, डोक्याच्या उंचीला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) टांगून अर्धा तास उकळा. आर्द्रता दहा टक्क्यांच्या आत वाढली तर व्यवस्था चांगली. वीसने वाढली तर वाफ निसटते आहे. तेव्हा फॅनला दोष देण्याआधी आत येणारी हवा आणि डक्टचे झोल तपासा.

हीटर बंद केला म्हणून फॅन बंद करू नका. वर्ट ९५ अंशांवरून ६० वर येईपर्यंत ते भरपूर वाफ सोडतं, व्हर्लपूलच्या वेळी (गाळ मध्ये जमावा म्हणून वर्ट गोल फिरवताना) विशेष. चिलरच्या गार नळ्यांनाही घाम येतो, खाली फडकं ठेवा. हॉप्स गाळून, वर्ट फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) जाऊन, पातेलं पुसून झाल्यावरही फॅन अर्धा तास चालू द्या. मग दार बंद करून डीह्युमिडिफायर. माल्टची पोती या खोलीत उघडी ठेवू नका, माल्ट ओल ओढतं, मऊ पडतं आणि गिरणीत नीट फुटत नाही.

गार फर्मेंटेशनसाठी फ्रिज वापरत असाल तर ओलीचा दुसरा अड्डा तिथे आहे. फर्मेंटर बाहेरून ओला दिसतो, रबराच्या कडांत काळी बुरशी धरते. आत १२ व्होल्टचा छोटा पंखा आणि तळाला पुन्हा तापवून वापरता येणारं अर्धा किलो सिलिका जेल ठेवा. कॅल्शियम क्लोराइडचे डबे ओल छान ओढतात, पण त्यांतून सांडलेलं खारट पाणी पत्रा खातं, म्हणून त्यांच्याखाली प्लास्टिकचा ट्रे.

भिंतीवर आलेले काळे ठिपके: मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओलसर फडक्याने पुसा, कोरडं घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. ब्लीच वापरायचं असेल तर त्या दिवशी फॉस्फोरिक अॅसिडचं सॅनिटायझर त्या खोलीत उघडू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. दोघांचं फडकं आणि बादली वेगळी. कपाट भिंतीपासून पाच सेंमी पुढे ओढा. आणि रंग लावायची घाई नको: नव्या व्यवस्थेत तीन-चार बॅच होऊ द्या, त्या जागेवर हात फिरवून आणि हायग्रोमीटर भिंतीला टेकवून बघा. कपाटामागचा आकडा खोलीच्या आकड्याजवळ आला, की मग खरवडून रंगवा.